खुर्चीवरील ओरखडे

माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेने ज्या क्षणी प्रथम आपले अस्तित्व जाहीर केले, त्या क्षणी माझ्या तोंडात मूठभर खिळे होते. हे वाक्य वाचून वाचकाने दचकू नये. खुर्च्या व सोफे मढवणे हा माझा व्यवसाय असून आमच्या व्यवसायात तोंड हा माणसाचा तिसरा हात समजला जातो. एका हाताने कापड ताणावे, दुसऱ्या हाताने हातोडी धरावी, आणि गालात साठवलेले बारीक खिळे जिभेच्या टोकाने एकेक करून ओठांवर आणावे. हातोडीच्या लोहचुंबकाने तो खिळा अलगद टिपावा व लाकडात बसवावा, अशी ही परंपरागत रीत आहे. आजकाल पुष्कळ लोक यंत्राने टाचण्या मारतात. तेही काम होतेच. परंतु त्यात तोंडाचा सहभाग नसल्यामुळे मी त्यास कला म्हणत नाही.

तर मी एका सभागृहाच्या खुर्चीवर वाकून तल्लीनतेने काम करीत असता शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक मागून आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून ओरडला, “काय गादीवाले! जोरात चाललंय!”

या एका कृतीत दोन आघात होते. पहिला म्हणजे ‘गादीवाले’ हे संबोधन. माझ्या दुकानावर ‘आसन-सज्जा’ असा स्वच्छ फलक असूनही, आणि मी आयुष्यात एकही गादी शिवलेली नसूनही, ही संपूर्ण गल्ली मला गादीवाले म्हणते. दुसरा आघात असा की थापेसरशी माझा जबडा मिटला आणि दाढेखाली खिळा आला. जो आवाज झाला तो मी कानाने ऐकला नाही, कवटीने ऐकला.

“काय झालं हो?” चष्मेवाल्याने विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो. तोंडात खिळे असताना स्पष्ट बोलण्याची मला सवय आहे. मात्र डोळ्यांत पाणी न आणता बोलण्याची सवय त्या क्षणी कामास आली नाही.

आता माझ्या भीतीविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मी भित्रा मनुष्य नाही. पडक्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून दोरखंडाने मी सोफा खाली उतरवला आहे. जुन्या कोचाच्या पोटातून एकदा विंचू निघाला असता मी त्यास चिमट्याने धरून बाहेर नेले व उरलेले काम पुरे केले. परंतु दंतवैद्य म्हटले की मी रस्ता बदलतो. याचे कारण मी पुष्कळ चिंतनाने शोधून काढले आहे. आसन हे मनुष्याच्या विश्रांतीसाठी असते, या तत्त्वावर माझा प्रपंच उभा आहे. आणि जगात एकच खुर्ची अशी आहे की जी मनुष्यास गोड बोलून बसवते, मग हळूहळू आडवे करते आणि आडवे केल्यावर त्याचे तोंड उघडावयास लावते. ही खुर्ची नव्हे, हा विश्वासघात होय.

सबब मी दाढेस न जुमानण्याचे ठरवले. दाढेने मला न सोडण्याचे ठरवले.

घरात ही गोष्ट लपणे अशक्य होते, कारण आमच्या घरात लपण्यासारखी एकच जागा आहे व तिथे रद्दी ठेवलेली आहे. मी जेवताना मान डावीकडे कलती करून घास डाव्या गालात लोटू लागलो, हे सौभाग्यवतीच्या ध्यानात आले.

“अहो, खिडकीबाहेर काय बघताय जेवताना?”

“निसर्ग.”

“समोर भिंत आहे.” तिने वाटी खाली ठेवली. “दाढ दुखतेय ना?”

“किंचित.”

“दाखवा.”

“ही काही दाखवण्याची वस्तू नव्हे.”

“कमाल आहे बाई! दिवसभर तोंडात खिळे घोळवतात, आणि दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की तोंडाला कुलूप!”

तिने हे आपल्या भावास कळवले. माझा मेहुणा रुग्णवाहिका चालवतो. स्वभावाने तो प्रेमळ आहे, परंतु व्यवसायामुळे त्याच्यापाशी जी माहिती साठली आहे ती सर्व शेवटल्या प्रकरणाची असते. तो त्याच दिवशी आला, माझ्या गालाकडे त्याने बराच वेळ पाहिले आणि आवाज उतरवून म्हणाला, “भाऊजी, घाबरू नका. पण असाच एक माणूस होता. दाढच दुखत होती. बाकी काही नाही. दाढच.”

“मग?”

“जाऊ द्या. तुम्ही आत्ता जेवलाय.”

त्यानंतर उपायांचा ओघ सुरू झाला. चष्मेवाल्याने लवंग धरावयास सांगितली व दात आणि डोळा एकाच शिरेवर असतात, तेव्हा चष्म्याचा नंबरही तपासून घ्यावा, अशी पुस्ती जोडली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी दुःखाकडे त्रयस्थपणे पाहण्याचा उपदेश केला. स्वतः मास्तरांना वरच्या बाजूस मोजकेच दात राहिले असल्यामुळे त्यांना त्रयस्थ होणे सोपे होते. मी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, त्रयस्थही होऊन पाहिले; पण दुखणारी दाढ मनुष्यास फार काळ त्रयस्थ राहू देत नाही, प्रथमपुरुषी एकवचनावर आणून सोडते.

याहून मोठी आपत्ती कामाची होती. गाल दुखू लागल्यामुळे खिळे तोंडात धरवेनात. मी ते बोटांनी उचलून, रोवून, ठोकू लागलो. एखाद्या नवशिक्यासारखा माझा हात चालू लागला, आणि सभागृहाचा व्यवस्थापक दोनदा येऊन खुर्च्यांच्या ढिगाकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहून गेला. तोंड गेले तर कला जाणार होती. कला वाचवायची तर ‘त्या’ खुर्चीवर बसणे भाग होते.

शेवटी मी एक युक्ती योजली. सरकारी इस्पितळाच्या दंतविभागाविषयी सर्वांचे एकमत होते की तिथे नंबर लागण्यास महिने जातात. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, मग साहेब जेवायला, मग साहेब रजेवर. मी मनात म्हटले, यासारखे सुख नाही. उपचारास गेल्याचे श्रेयही मिळेल व उपचारही होणार नाहीत. सौभाग्यवतीस तसे सांगून मी मोठ्या उत्साहाने निघालो. आयुष्यात प्रथमच मला सरकारी दिरंगाईविषयी आपुलकी वाटत होती.

खिडकीतील कारकुनाने माझे नाव विचारले, कागदावर शिक्का मारला व म्हणाला, “जा आत.”

“आज?”

“आज नाही तर काय पुढच्या जन्मी? रिकामंच आहे, जा लवकर.”

“परंतु दुसरी खिडकी? साहेबांची सही?”

“काही नको. आम्ही सगळं एका जागी केलंय आता. जा जा, डॉक्टर वाट बघतायत.”

डॉक्टर वाट पाहत आहेत, हे शब्द मला अजून आठवतात. आतून एक बारीक, चिरका, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा आवाज येत होता. मी खिशात हात घातला. हाताला माझी मोजपट्टी लागली.

“मी रुग्ण नव्हे,” मी म्हणालो. “मी बाकांचे माप घेण्यास आलो आहे.”

कारकून उठून उभाच राहिला. “आलात का! अहो, केव्हापासून लिहितोय आम्ही वरती! चला, दाखवतो.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी इस्पितळाच्या तिन्ही मजल्यांवरील यच्चयावत बाकांची मापे घेत होतो. दाढ ठणकत होती. कारकून मागून चहा घेऊन येत होता. दंतविभागाबाहेरील बाक मात्र मी नुसत्या नजरेने मोजला.

आणि अशा मनःस्थितीत मी असता एके सकाळी एक तरुण बाई हातगाडीवर काहीतरी लादून माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“काका, मी समोर वरती दवाखाना उघडतेय. दातांचा. माझ्या खुर्चीची कव्हरं बदलून द्याल का? खुर्ची जुनी घेतलीय, मशीन छान आहे, पण गाद्यांची पार वाट लागलीय.”

मी हातगाडीकडे पाहिले. पाठ, बैठक, मान टेकण्याची उशी व दोन हात, असे पाच सुटे भाग होते. ज्या शत्रूपासून मी पळत होतो त्याचे तुकडे होऊन तो स्वतः माझ्या दारी आला होता.

मी एक हात उचलला, उजेडात धरला, आणि माझ्या अंगावर काटा आला. रेक्झिनवर खोल ओरखडे होते. एकाशेजारी एक, समांतर, आतला स्पंज उघडा पडेपर्यंत ओढलेले. दुसऱ्या हातावर तेच. बैठकीच्या कडांना तेच. मानेच्या उशीला तर लचकाच तोडलेला.

“हे... हे कशाने झाले?” मी विचारले.

डॉक्टरीणबाई एकदम लाजल्या. “ते नका हो विचारू, काका. कुणाला दाखवूही नका प्लीज. लोक काय म्हणतील! नुसतं झाकून टाका.”

माझा धंदा असा आहे की आसनावरून मला बसणारा कळतो. डावी बाजू दबली असेल तर मालक टेलिफोनवर फार बोलतो. पुढची कड झिजली असेल तर बसणारास घेणेकरी भेटायला येतात. ही विद्या माझ्या हाडांत आहे. आणि त्या दिवशी ती विद्या मला स्पष्ट शब्दांत सांगत होती की या खुर्चीवर माणसे तडफडली आहेत. पूर्वीच्या डॉक्टरच्या काळात केव्हातरी या हातांना धरून कोणीतरी असा जिवाचा आकांत केला होता की नखांनी रेक्झिन फाटले. आणि उशीचा लचका? तो तोडताना त्याच्या मनाची अवस्था काय असेल, या विचाराने माझी दाढ आपोआप दाबली गेली व मी खाली बसलो.

बाईंनी कोणास दाखवू नका असे बजावले होते. मी शब्दाचा पक्का असल्यामुळे कोणास दाखवले नाही. चष्मेवाला आपण होऊन आला व त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले, त्यास मी काय करणार?

“गादीवाले, हे काय?”

“काही नाही. जुने आहे.”

“कशाची खुर्ची?” मग त्याने समोरच्या नव्या फलकाकडे पाहिले, पुन्हा हाताकडे पाहिले. “अग्गग्ग! नखं आहेत ही! माणसाची?”

“तज्ज्ञ म्हणून विचारत असाल,” मी गंभीरपणे म्हणालो, “तर मला खोटे बोलता येणार नाही.”

दुपारपर्यंत अर्धी गल्ली येऊन गेली. मेहुण्याने रुग्णवाहिका दारात उभी करून ओरखड्यांवरून बोट फिरवले आणि ‘हे शेवटच्या क्षणाचे’ असा दाखला दिला. मास्तर कवळीसाठी समोर पहिला नंबर लावून आले होते. त्यांनी उशीचा लचका पाहिला, दोन्ही हात मागे बांधले व म्हणाले, “तसं माझं मऊ भातावर उत्तम चाललंय.”

मी मात्र कर्तव्यास चुकलो नाही. उलट त्या अज्ञात अभाग्यांच्या कणवेने मी असे काम केले की तसे मी माझ्या हयातीत केलेले नाही. पुढे जो कोणी बसेल त्यास निदान बूड टेकण्याचे तरी सुख मिळावे, म्हणून मी स्पंजाचे दुप्पट थर घातले, त्यावर कापसाचा पदर दिला, आणि मोराच्या मानेच्या रंगाचे अत्यंत मुलायम रेक्झिन चढवले. बाई हरखून गेल्या. खुर्ची वर बसवली गेली. फीत कापली गेली. आणि दवाखान्यात कोणीही आले नाही.

माझ्या दुकानाच्या उंबऱ्यातून वरची खिडकी सरळ दिसते. रोज सकाळी बाई पांढरा कोट घालून खिडकीशी येत, रस्त्याकडे पाहत, मग आत जाऊन काहीतरी पुसत, आणि पुन्हा खिडकीशी येत. रस्त्याने जाणारी माणसे दवाखान्याखाली आली की तोंड मिटून भराभर चालत. मी गालाला मफलर गुंडाळून बसे व मान खाली घाली. माझा गाल एव्हाना असा सुजला होता की खिळे बाहेर ठेवूनही ते आत आहेत असे वाटावे. मी मफलर ओढला की बाई वरून हात हलवीत आणि मी, काय करणार, हात हलवी.

एके दुपारी मेहुणा व चष्मेवाला माझ्या दुकानात चहा घेत बसले असता बाई खाली आल्या. त्यांचा पांढरा कोट हातावर होता.

“काका, एखादं गिऱ्हाईक बघाल का खुर्चीला? तुम्ही इतकी सुंदर केलीय म्हणून तुम्हालाच विचारते. मी बंद करतेय. मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळेल कुठेतरी.”

“का बरं?” चष्मेवाल्याने विचारले. हा प्रश्न विचारण्यास जी निर्लज्जता लागते ती त्याच्यापाशी भरपूर आहे.

“पेशंटच येत नाहीत. माझंच काहीतरी चुकत असेल.” त्यांनी हातावरच्या कोटाची घडी पुन्हा घातली. “शिकत होते तेव्हापासून मला वाटायचं, माझा हात हलका आहे. पण हात बघायला तरी कुणी यायला हवं ना.”

मला गप्प बसवेना. “बाई, यात तुमचा दोष नाही. पूर्वीच्या डॉक्टरचे पाप तुम्हाला भोवत आहे. ज्यांनी हातांवर ते ओरखडे काढले, त्या दुर्दैवी जीवांचे...”

“कुठले जीव?”

“रुग्ण. ज्यांच्या नखांनी...”

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. “काका, ते मांजराचे ओरखडे आहेत.”

मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली.

“खुर्ची घेतली तेव्हा जागा मिळाली नव्हती,” बाई म्हणाल्या. “सहा महिने आत्याच्या व्हरांड्यात पडून होती. तिची मांजर त्यावर व्यायली. पिल्लांनी सगळं फाडलं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर मांजराचं बाळंतपण, कुणाला कळलं तर किळस येईल, म्हणून मी सांगितलं दाखवू नका. सगळं नंतर धुऊन, औषध मारून घेतलंय हो मी!”

चष्मेवाल्याने बशी खाली ठेवली. “गादीवाले,” तो अत्यंत सावकाश म्हणाला, “तुम्हाला मांजराचे ओरखडे ओळखता आले नाहीत?”

वाचकहो, माझ्या आयुष्यातील हा सर्वात कठीण प्रसंग होय. माझ्या धंद्याची निम्मी कमाई मांजरांच्या कृपेची आहे. सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यावरील ओरखड्यावरून मांजर बोका की भाटी, एवढे मी सांगत आलो आहे. मनुष्याचे नख बोथट, ते कापड दाबते. मांजराचे नख अणकुचीदार, ते धागा ओढून काढते. हे मला अंधारात बोट फिरवून कळते. आणि त्या दिवशी भर उजेडात, जे मला पाहायचे नव्हते तेच मला दिसले. ती विद्या बोलत नव्हती. माझी दाढ बोलत होती.

“भाऊजी,” मेहुणा म्हणाला, “मी शेवटच्या क्षणाचे म्हणालो होतो, पण ते तुम्ही म्हणालात म्हणून हं.”

बाईंना सर्व उलगडले. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, “असं होय,” आणि कोट सावरून जिना चढून गेल्या.

मी तडक उठलो व घरोघर खुलासा करीत सुटलो. परंतु असा अनुभव आहे की अफवा घोड्यावरून जाते आणि खुलासा रांगत जातो. “मांजर म्हणे! काहीही सांगतील,” असे पहिल्या दारात ऐकले. दुसऱ्या दारात “बाईंनी पैसे चारले असतील यांना” असे ऐकले. मास्तरांनी मात्र दार पूर्ण उघडले, माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले व चष्म्यावरून माझ्या मफलरकडे पाहिले.

“ती खुर्ची निर्धोक आहे, असं तुमचं म्हणणं?”

“पूर्णतः.”

“आणि दाढ तुमची सुजलेली आहे.”

“आहे.”

“मग तुम्ही अजून इथे काय करताय?”

मी मफलर सावरून जिना उतरलो. खाली सौभाग्यवती माझ्या चपला हातात घेऊन उभी होती.

आम्ही दवाखान्याचा जिना चढलो तेव्हा माझ्यामागे सौभाग्यवती, तिच्यामागे मेहुणा, त्याच्यामागे चष्मेवाला व सर्वात मागे त्रयस्थपणे मास्तर, अशी रांग होती. ही मंडळी मला धीर देण्यास आली होती की पळालो तर धरण्यास, हे त्यांचे त्यांना ठाऊक. बाई खोक्यात बाटल्या भरीत होत्या. मला पाहून थांबल्या.

“बाई,” मी म्हणालो. पुढचे भाषण मी जिन्यात तयार केले होते. त्यात ‘प्रायश्चित्त’ हा शब्द दोनदा येत होता. प्रत्यक्षात मी मफलर सोडला आणि म्हणालो, “दुखतंय हो.”

“अरे देवा!” त्यांनी खोके पायाने बाजूला सारले. “बसा, बसा.”

मी बसलो, आणि बुडालो. माझ्या करुणेचे ते दुप्पट थर, तो कापसाचा पदर, ते मुलायम रेक्झिन, या सर्वांनी मिळून मला गिळले. गुडघे कपाळाच्या पातळीला आले. पळून जाण्याचा विचार मनात होता हे मी नाकारीत नाही. मी तसा एक प्रयत्नही केला. परंतु त्या आसनातून दुसऱ्या कोणी ओढल्याखेरीज उठता येत नव्हते. जगातील एकमेव सापळा ज्यातून मला सुटता येऊ नये, तो मी स्वतः, मन लावून, शिवला होता.

“अहो, दिसत नाहीत हे!” दारातून सौभाग्यवतीचा आवाज आला.

“आहे मी,” मी खालून म्हणालो.

बाईंनी पाठीशी उशी दिली, खुर्ची आडवी केली, दिवा ओढला. माझ्या छातीत कोणीतरी खिळे ठोकू लागले, तेही यंत्राने. बाईंनी आरसा माझ्या हाती दिला व दाढ दाखवली. तिला मधोमध तडा गेला होता.

“काढायची नाहीये,” त्या म्हणाल्या. “आतली नस साफ करायची, भरायचं, वर टोपी बसवायची. आज सूज उतरवायला वाट करून देते, मग अजून दोन-तीनदा यायचं. आधी बधिर करीन. आणि काका, एक ठरवू या. तुम्ही डावा हात वर केलात की मी थांबणार. काहीही करत असले तरी.”

“काहीही?”

“काहीही.”

असे सर्वच म्हणतात. मी डोळे मिटले. सुई आली. मुंगी चावल्यासारखे वाटेल असे बाई म्हणाल्या होत्या. मुंगी जरा मोठ्या घराण्यातली होती, परंतु मुंगीच होती. मग गाल हळूहळू दुसऱ्या कोणाचा झाला. मग तो आवाज सुरू झाला. तोच बारीक, चिरका, इस्पितळातील. माझे सगळे शरीर उजव्या मुठीत गोळा झाले आणि मी डावा हात वर केला.

आवाज थांबला.

“दुखलं?” बाईंनी विचारले.

मी मान हलवून नाही म्हटले. दुखले नव्हते. मला फक्त पाहायचे होते.

आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने मी पुन्हा हात वर केला. पुन्हा थांबला. माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात माझ्या हाताच्या इशाऱ्यावर कोणीही थांबलेले नाही. बस थांबत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही, मेहुण्याचे बोलणे तर मुळीच थांबत नाही. आणि इथे पांढऱ्या कोटातील एक शिकलेली बाई, हातात यंत्र धरून, माझे बोट उठले की थांबत होती. तिसऱ्यांदा मी हात वर केला तो, खरे सांगायचे तर, निव्वळ आनंदासाठी.

“काका,” बाई मुखपट्टीतून म्हणाल्या, “असंच चाललं तर आपल्याला इथेच मुक्काम करावा लागेल.”

मी डावा हात पोटावर ठेवला. भीती गेली, असे मी लिहिणार नाही. ती तिथेच होती, माझ्या शेजारी, त्याच खुर्चीवर. पण जागा तिने आता अंग चोरून घेतली होती. मला दिव्याची कड दिसली, बाईंच्या कपाळावरील घाम दिसला, आणि एकाएकी ध्यानात आले की त्या श्वास रोखून काम करीत आहेत. मी पहिला खिळा लाकडात बसवताना रोखतो, तसाच.

“झालं,” त्या म्हणाल्या, व आम्ही दोघांनीही श्वास सोडला.

मला खुर्चीतून बाहेर काढण्यास मेहुणा व चष्मेवाला असे दोघे लागले. हा त्याच्या व्यवसायाचा भाग असल्यामुळे मेहुण्याने ते सफाईने केले. माझे ओठ एका बाजूस लोंबत होते, तरी मी उपस्थितांकडे विजयी मुद्रेने पाहिले. सौभाग्यवतीने पदराने माझी हनुवटी पुसली. “शहाणे आहात,” ती म्हणाली. लग्नानंतर हे विशेषण मला प्रथमच कोणत्याही उपरोधाविना मिळाले.

“हं,” मास्तरांनी घसा साफ केला. “माझा नंबर पहिला होता, तो अजून धरता येईल का?”

“या ना मास्तर, बसा!”

मास्तर खुर्चीपाशी गेले, आणि वाकून थांबले. त्यांची नजर कोठे आहे ते मी पाहिले, आणि बधिर गालासकट माझे सारे तोंड गरम झाले. मोराच्या मानेच्या रंगाच्या त्या नव्याकोऱ्या रेक्झिनवर, उजव्या हाताच्या टोकाशी, चार ताज्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. धागा मुळीच ओढलेला नव्हता. कापड दाबले गेले होते. शिवणीचे टाके उसवण्यासाठी मी उजव्या हाताची नखे थोडी राखून असतो.

“हे कशाचं हो?” मास्तरांनी बोट ठेवून विचारले. दारातील सर्वजण पुढे झुकले.

मी बोलण्याचा प्रयत्न केला. ओठांनी साथ दिली नाही.

बाई हात धूत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

“मांजर,” त्या म्हणाल्या. “मघाशी येऊन गेलं. तुम्ही बसा, मास्तर.”

आणि मास्तर बसले.